अव्याप्ती आणि अतिव्याप्ती यांच्या मध्ये : संहितांच्या चिन्हांकनातील संकोच व विस्तार

१

भारतीय भाषांतील भक्तिकाव्याचा तौलनिक अभ्यास करू पाहणाऱ्यासमोर एक प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो. रचनेच्या अखेरीस कवीने एखादे नाव गुंफण्याची जी पद्धत मराठीत नाममुद्रा, हिंदीत छाप, बंगालीत भणिता आणि कन्नडात अंकित म्हणून ओळखली जाते, तिची रूपे कोणकोणती, आणि एका परंपरेतून दुसऱ्या परंपरेकडे जाताना ती कशी पालटतात? मुद्रित ग्रंथांच्या काळात या प्रश्नाचे उत्तर शोधणे म्हणजे हजारो पदे वाचून टिपणे काढणे होय. आज यांपैकी अनेक संहिता यंत्रवाच्य रूपात उपलब्ध असल्याने हे काम सुकर व्हावयास हवे. प्रत्यक्षात ते तसे होत नाही. अडचण आता संहितांच्या अभावाची उरलेली नसून त्यांच्या चिन्हांकनाची आहे. एका संपादकाने मुद्रेला स्वतंत्र घटक मानले, दुसऱ्याने तिला चरणाचा केवळ एक गुणविशेष मानले, तिसऱ्याने तिची नोंदच केली नाही. तर तिन्ही संहिता शेजारीशेजारी ठेवूनही त्यांची तुलना करता येत नाही.

हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो आणि म्हणून तो तंत्रज्ञांवर सोपवून साहित्याचे अभ्यासक मोकळे होतात. परंतु चिन्हांकनाची नियमावली ठरविताना 'पद्यखंड म्हणजे काय', 'मुद्रा म्हणजे काय', 'वर्ष म्हणजे काय' यांची लक्षणे द्यावी लागतात, आणि लक्षण देणे हे तंत्रज्ञाचे काम नव्हे. भारतीय तर्कशास्त्राने लक्षणाचे जे दोष सांगितले आहेत त्यांपैकी दोन येथे विशेष महत्त्वाचे आहेत : जे लक्ष्य आहे त्यातील काही भाग सुटून जाणे ही अव्याप्ती, आणि जे लक्ष्य नाही तेही सामावले जाणे ही अतिव्याप्ती. यंत्रासाठी नियमावली लिहिणारा संपादक या दोन दोषांच्या मधूनच वाट काढीत असतो. दुसऱ्याने केलेली नियमावली आपल्या संहितेसाठी वापरताना तिच्यात बदल करण्याचे जे दोन मुख्य मार्ग आहेत, संकोच आणि विस्तार, त्यांचे स्वरूप स्पष्ट करणे आणि त्यांपैकी कोणता केव्हा स्वीकारावा याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

संहितेतील प्रत्येक अंश काय आहे हे त्या अंशाच्या आधी व नंतर खुणा घालून सांगणे, म्हणजे चिन्हांकन. यासाठी 'एसजीएमएल' ही भाषा १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरली आणि तिचेच सुटसुटीत रूप असलेली 'एक्सएमएल' १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. एक्सएमएल स्वतः कोणत्याही खुणा ठरवून देत नाही. खुणा कशा लिहावयाच्या एवढेच ती सांगते. कोणत्या खुणा असाव्यात, त्या कोणत्या क्रमाने याव्यात आणि त्यांच्या आत काय असावे हे त्या त्या क्षेत्रातील लोकांनी ठरवावयाचे असते. खुणांची नावे रोमन लिपीतच असली पाहिजेत असेही बंधन नाही. 'ओवी', 'चरण', 'मुद्रा' ही देवनागरी नावे एक्सएमएलमध्ये पूर्णपणे ग्राह्य आहेत.

खुणांविषयीचे हे नियम ज्या दस्तऐवजात नोंदले जातात त्यास 'स्कीमा' म्हणतात. स्कीमा लिहिण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. त्यांपैकी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००१ मध्ये प्रसृत केलेली आणि २०१२ मध्ये सुधारलेली 'एक्सएमएल स्कीमा' ही पद्धत प्रकारांच्या कल्पनेवर उभी आहे. एखाद्या घटकात काय असू शकते याचे वर्णन म्हणजे प्रकार. ज्यात केवळ मजकूर किंवा मूल्य असते तो सरल प्रकार. ज्यात इतर घटक किंवा गुणविशेष असतात तो संमिश्र प्रकार. व्याकरणात जसे सिद्ध शब्द आणि त्यांपासून बनलेले साधित शब्द असतात, तसे येथेही मूळ प्रकार आणि साधित प्रकार असतात. एखादी संहिता स्कीमाच्या नियमांत बसते की नाही हे यंत्र तपासते. बसली तर ती वैध, नाही तर अवैध.

मूळ प्रकारापासून नवा प्रकार साधण्याच्या दोन रीतींना इंग्रजीत 'रिस्ट्रिक्शन' आणि 'एक्स्टेन्शन' म्हणतात. भाषाशास्त्रात अर्थसंकोच आणि अर्थविस्तार या संज्ञा रूढ असल्याने येथे त्यांना संकोच आणि विस्तार म्हटले आहे. मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. भाषेतील अर्थसंकोच कोणाच्याही संमतीवाचून घडतो. येथील संकोच हेतुपूर्वक केला जातो आणि यंत्र त्याची तपासणी करते.

३

प्रथम संकोच पाहू. समजा, एका सामाईक स्कीमात 'पद्यखंड' हा संमिश्र प्रकार आहे. त्यात आरंभी एक शीर्षक असू शकते, नंतर एक किंवा अधिक चरण असतात आणि शेवटी एक क्रमांक असू शकतो. ज्ञानेश्वरीच्या संपादकाला या प्रकारापासून 'ओवी' हा प्रकार साधावयाचा आहे. ग्रंथातील ओवीला स्वतंत्र शीर्षक नसते, तिचे चार चरण असतात, आणि मुद्रित आवृत्तीत प्रत्येक ओवीला क्रमांक असतोच. म्हणून तो शीर्षक वगळतो, चरणांची संख्या चारवर आणतो आणि क्रमांक आवश्यक करतो. तिन्ही बदलांत मूळ प्रकाराने दिलेली मोकळीक कमी झाली आहे. नवी मोकळीक कोठेही घेतलेली नाही. हाच संकोच. तमिळ संपादक त्याच मूळ प्रकारापासून नेमके दोन चरण असणारा 'कुरळ' साधू शकेल.

या रीतीचे नियम कठोर आहेत. जे मूळ प्रकारात ऐच्छिक आहे ते वगळता येते किंवा आवश्यक करता येते, पण जे आवश्यक आहे ते वगळता येत नाही. संख्येची मर्यादा आत ओढता येते, बाहेर नाही. घटकांपैकी एखाद्याच्याच बाबतीत बदल करावयाचा असला तरी संपूर्ण बांधणी नव्याने लिहावी लागते. गुणविशेष मात्र आपोआप वारशाने येतात आणि जो बदलावयाचा असेल तेवढाच सांगावा लागतो. सरल प्रकारांचा संकोच निकषांनी होतो : कमाल व किमान मूल्य, लांबी, विशिष्ट आकृतिबंध किंवा मान्य मूल्यांची यादी.

या कठोरतेचे फळ मोठे आहे. संकोचाने साधलेल्या प्रकारातील प्रत्येक संहिता मूळ प्रकाराच्या दृष्टीनेही वैध असते. सामान्य आणि विशेष यांचा जो संबंध तोच येथे आहे : प्रत्येक ओवी हा पद्यखंड असतोच. ज्याला ओवीची काहीही माहिती नाही असा दूरच्या विद्यापीठातील अभ्यासक किंवा त्याचे यंत्र, ती संहिता पद्यखंडांची संहिता म्हणून निर्धोकपणे वाचू शकते. संकोच करणारा संपादक स्वतःवर बंधन घालून घेतो आणि इतरांशी केलेला करार अबाधित ठेवतो.

तथापि संकोच निरुपद्रवी आहे असे मात्र समजू नये. जुन्या पोथ्यांत चरण तोडून लिहिलेले नसतात. मजकूर सलग चालतो आणि दंडांनी ओवी संपते. 'नेमके चार चरण' असा नियम घातला की हस्तलिखितात जी विभागणी दिसत नाही ती प्रत्येक ठिकाणी संपादकाला करावीच लागते, आणि जेथे पाठ खंडित आहे तेथे पोथी जशी आहे तशी नोंदविणे अवैध ठरते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये आपल्या मते एकनाथपूर्व असलेल्या पोथीचा पाठ छापला. या दोन पाठांची तुलना करणाऱ्याला पोथीतील अनियमितपणाच हवा असतो. संशोधित आवृत्तीसाठी जो संकोच योग्य, तोच पोथीच्या प्रतिलेखनासाठी अव्याप्तीचा दोष ठरतो.

४

विस्तारात मूळ प्रकारातील सर्व काही कायम राहते आणि त्यात भर पडते. नवे घटक येऊ शकतात, नवे गुणविशेष येऊ शकतात. पण या रीतीवर एक मर्यादा आहे, आणि ती मराठीच्या अभ्यासकाला लगेच जाणवते : नवे घटक मूळ बांधणीच्या शेवटीच जोडता येतात, मध्ये घालता येत नाहीत.

अभंगाचे उदाहरण घ्यावे. तुकारामांच्या गाथेच्या मुद्रित आवृत्त्यांत सामान्यतः पहिल्या कडव्यानंतर ध्रुपद येते आणि 'ध्रु' या अक्षराने दर्शविले जाते. त्यापुढे क्रमाने इतर कडवी येतात. ध्रुपद हा वेगळा घटक मानून तो मूळ प्रकारात विस्ताराने आणावयाचा म्हटले तर त्याला सर्व कडव्यांच्या मागे, अभंगाच्या अखेरीस जागा मिळते. संहितेतील क्रम मोडल्यावाचून हे करता येत नाही. विस्तार येथे अपुरा पडतो, आणि अपुरा पडल्यामुळेच तो संपादकाला पुन्हा विचार करावयास लावतो : ध्रुपद ही वेगळी वस्तू आहे, की कडव्यानेच घेतलेली ती एक भूमिका आहे? गाताना जे पुनःपुन्हा म्हटले जाते ते शेवटी एक कडवेच असते. म्हणून 'कडवे' या घटकाला 'भूमिका' असा गुणविशेष जोडणे हा अधिक समर्पक मार्ग ठरतो. गुणविशेष जोडण्यात क्रमाची अडचण येत नाही.

दुसरी मर्यादा अधिक दूरगामी आहे. सरल प्रकाराचा विस्तार करून त्याची मूल्ये वाढविता येत नाहीत. एखाद्या स्कीमात पद्यप्रकारांची बंदिस्त यादी असली, आणि त्या यादीत श्लोक, दोहा व चौपाई एवढीच नावे असली, तर तीतून दोहा वगळता येतो. ओवी घालता येत नाही. यादी करणाऱ्याने ज्याचा विचार केला नाही त्याला तेथे प्रवेश नाही. उपाय आहे तो संघाचा : जुनी यादी आणि 'ओवी, अभंग, वचन, पयार' अशी नवी यादी मिळून एक व्यापक प्रकार बनवावयाचा. या उपायात संबंधाची दिशा उलटते. नवा प्रकार जुन्यातून साधला जात नाही. जुनी यादीच नव्या व्यापक प्रकाराचा एक सभासद होते. तौलनिक साहित्याच्या इतिहासात असे प्रसंग पुष्कळ येतात. एका साहित्यावरून बनविलेली कोटी दुसऱ्याला पुरत नाही असे दिसले की ती ताणून उपयोग नसतो. दोहोंना सामावणारी कोटी शोधावी लागते.

विस्तारित प्रकाराची संहिता केवळ मूळ स्कीमा जाणणाऱ्या यंत्राला वैध वाटत नाही, कारण तीत त्याला अनोळखी घटक भेटतात. विस्तार त्याज्य नाही. त्याची किंमत ही आहे आणि ती जाणून दिली पाहिजे. त्याहून धोकादायक रीत म्हणजे तेच नाव ठेवून आतला प्रकार बदलणे. २००१ च्या एक्सएमएल स्कीमात यासाठी पुनर्व्याख्येची सोय होती. २०१२ च्या आवृत्तीने तिचा वापर टाळण्याची सूचना करून दुसरी सोय दिली. पण सोय कोणतीही असो, एकाच नावाखाली दोन लक्षणे वावरू लागली की वाचणाऱ्याला आपण कोणते लक्षण धरून चाललो आहोत हे कळत नाही. प्रक्षिप्त श्लोक मूळ ग्रंथात मिसळून जावा तसा हा प्रकार होतो. पाठचिकित्सेचा संस्कार असलेल्या अभ्यासकाला त्याचा धोका निराळा सांगावयास नको.

५

आपण करीत असलेला संकोच बरोबर आहे असे वाटत असतानाही तो ज्या मूळ प्रकारावर उभा आहे त्याची धारणा वेगळी असल्यास काय होते, याची तीन उदाहरणे भारतीय संहितांतून देता येतात.

पहिले अक्षरसंख्येचे. थोरल्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा, हे लक्षण सर्वपरिचित आहे. बंगाली पयारात ओळीला चौदा अक्षरे असतात. चरणाच्या प्रकारावर लांबीचा निकष लावून हे लक्षण तपासता येईल असे प्रथमदर्शनी वाटते. पण लांबीचा निकष अक्षरे मोजत नाही. तो युनिकोडमधील संकेतचिन्हे मोजतो. 'ज्ञानेश्वरी' या शब्दात वाचणाऱ्याला चार अक्षरे दिसतात : ज्ञा, ने, श्व, री. यंत्राच्या हिशेबी त्यात अकरा चिन्हे आहेत, कारण प्रत्येक व्यंजन, प्रत्येक हलन्तचिन्ह आणि प्रत्येक स्वरचिन्ह स्वतंत्रपणे मोजले जाते. सहा अक्षरांचा नियम म्हणून लांबी सहावर बांधली तर बहुतेक निर्दोष चरण अवैध ठरतील.

दुसरे अंकांचे. एक्सएमएल स्कीमात 'पूर्णांक' हा तयार मूळ प्रकार आहे, पण त्याला अंकांचे केवळ आंतरराष्ट्रीय रूप मान्य आहे. ओवीचा क्रमांक देवनागरी अंकांत लिहिला आणि त्याचा प्रकार पूर्णांक ठेवला तर ती संहिता अवैध होते. याच स्कीमाच्या आकृतिबंधाच्या निकषात मात्र 'कोणताही अंक' असे म्हटले की देवनागरी, बंगाली, तमिळ असे सर्व लिपींतील अंक त्यात येतात. परंतु तेथे ते केवळ चिन्हे म्हणून येतात, संख्या म्हणून नव्हे, आणि त्यांची बेरीज किंवा क्रमवारी करता येत नाही. म्हणून संहितेत दिसणारा अंक आणि यंत्रासाठीचे मूल्य या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे इष्ट. छापील अंक घटकाच्या मजकुरात जसाच्या तसा राहावा आणि मूल्य गुणविशेषात जावे.

तिसरे उदाहरण कालगणनेचे, आणि ते सर्वांत बोलके आहे. 'वर्ष' या तयार प्रकाराची धारणा ग्रेगोरियन कालगणनेची आहे. ज्ञानेश्वरीचा रचनाकाळ शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. हे शकवर्ष देवनागरी अंकांत लिहिले तर यंत्र ते नाकारते. आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिले तर स्वीकारते, आणि ग्रंथ अठ्ठ्याहत्तर वर्षांनी मागे नेऊन इ. स. १२१२ मध्ये ठेवते. जे निरुपद्रवी होते ते नाकारले गेले आणि जी चूक होती ती वैध ठरली. किमान व कमाल वर्षांची मर्यादा घालून ही चूक पकडता येत नाही, कारण दोन्ही वर्षे त्याच शतकांत पडतात. संकोच येथे उपयोगी पडत नाही. मूळ प्रकारच चुकीचा निवडला गेला आहे. शकवर्षाचा प्रकार पूर्णांकापासून साधावयास हवा आणि इसवी सनाचे वर्ष त्याच्या शेजारी निराळे नोंदवावयास हवे. २०१२ च्या सुधारित आवृत्तीत दोन मूल्यांच्या परस्परसंबंधाविषयी अट घालण्याची सोय आहे; तीनुसार दोन्ही वर्षांतील अंतर अठ्ठ्याहत्तर किंवा एकोणऐंशी असावे असे सांगता येते. अर्थात कोरीव लेखांत गत आणि वर्तमान अशा दोन्ही रीतींनी शकवर्ष दिलेले आढळते, त्यामुळे तेथे ही अट सैल करावी लागेल. अन्यथा यंत्राच्या समाधानासाठी लेखकोरक्याला सुधारण्याचा मोह होईल.

यावरून एवढे दिसते की वैधता म्हणजे सत्यता नव्हे. यंत्र लक्षणाचे पालन तपासते. लक्षण बरोबर आहे की नाही हे त्याला ठाऊक नसते.

६

मानव्यविद्यांतील संहितांसाठी सामाईक चिन्हांकन सिद्ध करण्याचा सर्वांत व्यापक प्रयत्न म्हणजे 'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह', संक्षेपाने 'टीईआय'. नोव्हेंबर १९८७ मध्ये अमेरिकेतील व्हासर महाविद्यालयात भरलेल्या बैठकीतून या उपक्रमाचा आरंभ झाला. त्याच्या मार्गदर्शिकेची 'पी३' ही आवृत्ती १९९४ मध्ये आणि आजही वृद्धिंगत होत असलेली 'पी५' आवृत्ती २००७ मध्ये निघाली. तीत पाचशेहून अधिक घटक आहेत. एवढे घटक कोणत्याही एका प्रकल्पाला लागत नाहीत. किंबहुना प्रत्येक प्रकल्पाने त्यांतून निवड करावी आणि तीत आपल्यापुरते बदल करावेत अशीच योजना आहे. हे बदल 'ओडीडी' नावाच्या एका दस्तऐवजात लिहिले जातात, आणि त्याच एका दस्तऐवजातून स्कीमाही तयार होतो व माणसांनी वाचावयाचे स्पष्टीकरणही तयार होते. नियम आणि त्याचे भाष्य एकत्र ठेवण्याची ही रीत सूत्र-वृत्तीच्या परंपरेत वाढलेल्यांना परकी वाटू नये.

टीईआयची घडण एक्सएमएल स्कीमातील प्रकारसाधनेवर आधारलेली नाही, परंतु संकोच आणि विस्तार यांतील भेद तिने स्वतःच्या परिभाषेत जपला आहे. ज्या बदलांनंतरची प्रत्येक वैध संहिता संपूर्ण टीईआयच्या दृष्टीनेही वैध राहते ते बदल तिने 'स्वच्छ' मानले. घटक वगळणे, ऐच्छिक गुणविशेष आवश्यक करणे, मूल्यांची यादी बांधून घेणे हे सर्व यात मोडते. जेथे ही हमी राहत नाही तेथे नवा घटक टीईआयच्या नावावर न घालता आपल्या स्वतंत्र नामावकाशात ठेवावा, असा दंडक आहे. वाचणाऱ्याला पाहताक्षणी कळावे की हा घटक सामाईक कराराचा नाही, या प्रकल्पाचा आहे. मूल्यांच्या याद्याही तेथे बंदिस्त, अर्धमुक्त आणि मुक्त अशा तीन तऱ्हांच्या असतात, त्यामुळे यादी करणाऱ्याला आपल्या अज्ञानाची जागा आधीच मोकळी ठेवता येते.

भारतीय भाषांच्या दृष्टीने दोन सोयींचा उल्लेख आवश्यक आहे. पहिली पर्यायी नावाची. टीईआयमधील पद्यखंडाच्या घटकाला एखाद्या प्रकल्पात मराठी नाव देता येते, आणि ते कोणत्या मूळ घटकाचे पर्यायी नाव आहे याची नोंद राहत असल्याने यंत्राला केव्हाही मूळ नावाकडे परतता येते. आपल्या भाषेत काम करण्यासाठी करार मोडावा लागत नाही. दुसरी सोय छंदाविषयीची. पद्याच्या घटकांना अपेक्षित छंद आणि प्रत्यक्ष आढळणारी रचना असे दोन वेगळे गुणविशेष देता येतात. गाथेतील एखाद्या चरणात सहाऐवजी सात अक्षरे आली तर त्याला अवैध ठरविण्याची गरज राहत नाही. लक्षण आणि लक्ष्य यांतील अंतर हीच माहिती म्हणून जतन होते. मौखिक परंपरेतून आलेल्या रचनेबाबत हे अंतरच अनेकदा अभ्यासाचा विषय असते.

शिलालेख-ताम्रपटांसाठी टीईआयचा 'एपिडॉक' हा संकुचित अवतार वापरला जातो. ग्रीक-लॅटिन लेखांसाठी तो प्रथम घडला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'धर्म' या युरोपीय प्रकल्पाने दक्षिण व आग्नेय आशियातील लेखांसाठी तो स्वीकारला. संस्कृत व अन्य भारतीय संहितांचा 'सरित' हा संग्रहही टीईआयच्या आधारेच उभा आहे. एका संस्कृतीसाठी केलेले सामाईक चिन्हांकन दुसरीला वापरता येते याचे हे दाखले आहेत. मात्र ते जसेच्या तसे वापरले जात नाही, हेही त्यांतून दिसते.

७

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. समजा, मराठी संतकाव्याचा एक प्रकल्प सर्वप्रथम उभा राहिला आणि त्याने 'मुद्रा' या प्रकाराचे लक्षण केले : 'रचनेच्या शेवटच्या चरणात येणारे कवीचे एक नाव'. तुकारामांच्या 'तुका म्हणे'ला ते चपखल बसते. पण मराठीच्या आतच ते तोकडे पडते. एकनाथांच्या मुद्रेत स्वतःच्या नावाबरोबर गुरू जनार्दनस्वामींचे नाव येते, आणि जनाबाई आपली ओळख नामदेवांच्या नावाशी जोडून देते. 'एकच नाव' हा संकोच त्यांना बाहेर ठेवतो.

कन्नड वचनांकडे गेल्यावर लक्षणाचा पायाच हलतो. बसवण्णांचे अंकित 'कूडलसंगमदेव', अक्कमहादेवींचे 'चेन्नमल्लिकार्जुन', अल्लमप्रभूंचे 'गुहेश्वर'. तिन्ही नावे देवतेची आहेत. वाचणारा त्यांवरून कवी ओळखतो, पण कवीचे नाव तेथे नसते. मीरेच्या पदांत तिचे नाव आणि गिरिधराचे नाव दोन्ही एकत्र येतात. गुरू ग्रंथसाहिबात स्थिती आणखी वेगळी आहे : नानकांनंतरचे गुरूही 'नानक' हीच मुद्रा वापरतात, आणि रचना कोणत्या गुरूंची हे शीर्षकातील 'महला' या शब्दापुढील अंकावरून कळते. म्हणजे नाव आणि व्यक्ती यांचे नाते एकास एक राहत नाही. त्याच ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. मराठी परंपरेतील मुद्रा तेथे दुसऱ्याच व्यवस्थेत येऊन वसली आहे. उर्दू गझलेतील तखल्लुस हे तर मुळातच धारण केलेले नाव.

मराठी लक्षण मूळ मानले तर यांतील प्रत्येक परंपरेला विस्तार करावा लागेल, आणि प्रत्येक विस्तार निराळा असेल. कन्नड संपादक 'देवतानाम' घालील, पंजाबी 'महला' घालील, उर्दू संपादक 'मक्ता' घालील. आणि सर्वांतील मुद्रा शोधणारा एकही प्रश्न यंत्राला विचारता येणार नाही. त्याहून वाईट म्हणजे कन्नड अंकित हे 'मुद्रेचे अनियमित रूप' म्हणून नोंदले जाईल. कोणती परंपरा मूळ आणि कोणती अपवाद, हा निर्णय ज्याने पहिली नियमावली लिहिली त्याच्याकडून नकळत होऊन जाईल.

याउलट मूळ प्रकार असा करता येतो : मुद्रा म्हणजे रचनेत येणारी, तिची ओळख पटविणारी नामयोजना, तीत एक किंवा अधिक नामे, प्रत्येक नामाला 'नाते' हा गुणविशेष, ज्याची यादी मुक्त आहे आणि जीत कवी, गुरू, देवता, आश्रय ही मूल्ये आरंभी दिली आहेत, आणि ज्या व्यक्तीची रचना मानली जाते तिच्याकडे निर्देश करणारा एक स्वतंत्र, ऐच्छिक गुणविशेष. एकनाथांची मुद्रा मग अशी नोंदली जाईल :

<मुद्रा><नाम नाते="कवी">एका</नाम> <नाम नाते="गुरू">जनार्दनीं</नाम></मुद्रा>

या मूळ प्रकारापासून सर्व परंपरा संकोचाने साधता येतात. तुकारामांसाठी एकच नाम आणि नाते 'कवी'. वचनांसाठी नाते 'देवता' आणि व्यक्तीकडील निर्देश आवश्यक. ग्रंथसाहिबासाठी नाम काहीही असले तरी निर्देश आवश्यकच. प्रत्येक भाषेचा संपादक आपल्या परंपरेची शिस्त कडकपणे पाळू शकतो, आणि तरीही प्रत्येक मुद्रा ही मुद्रा म्हणून सर्वांना वाचता येते. अंकितात देवतेचे नाव असणे हा अपवाद उरत नाही. तुकारामांची मुद्रा जितकी विशेष तितकेच तेही एक विशेष ठरते.

येथे विरुद्ध दिशेचा दोषही टाळला पाहिजे. सर्वांना सामावण्याच्या इच्छेने मूळ प्रकारातील सर्व काही ऐच्छिक केले, तर त्यात काहीही बसेल आणि त्यातून काहीही कळणार नाही. काव्यात कोठेही आलेले कोणतेही नाव मुद्रा ठरेल. स्तवनातील विठ्ठल आणि पुरंदरदासांच्या अंकितातील विठ्ठल यांत फरक उरणार नाही. ही अतिव्याप्ती होय. 'रचनेची ओळख पटविणारी' हे विशेषण म्हणूनच लक्षणात हवे, जरी ते यंत्राला तपासता येत नसले तरी. स्कीमाबरोबरच्या भाष्यात ते लिहिले पाहिजे, आणि त्याचे पालन संपादकाच्या विवेकावर सोडले पाहिजे.

८

संकोच आणि विस्तार यांतील निवड अशा रीतीने तीन प्रश्नांवर येऊन ठेपते. आपला विशेष हा सामाईक कोटीचाच एक प्रकार आहे काय? असल्यास संकोच करावा, आणि आपल्या खुणेला आपल्या भाषेचे नाव द्यावे. तो सामाईक कोटीत न मावणारा पण केवळ आपल्यापुरता आहे काय? असल्यास विस्तार करावा, तो स्वतंत्र नामावकाशात ठेवावा आणि त्याचे कारण नोंदवावे. की आपल्यासारख्या अनेकांना तोच विस्तार वेगवेगळ्या नावांनी करावा लागत आहे? तसे असेल तर दोष आपल्या संहितेत नाही, मूळ लक्षणात आहे, आणि ते बदलण्याचा आग्रह धरला पाहिजे.

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका भाषेचा अभ्यासक एकट्याने देऊ शकत नाही. ओवी, वचन, पद, गझल आणि कुरळ यांचे संपादक एकत्र बसून आपापल्या संहितांतील अडलेली ठिकाणे एकमेकांना दाखवतील तेव्हाच मूळ प्रकार कोठे तोकडा आहे हे दिसेल. आज वेगवेगळ्या भाषांत संहितांचे अंकन होत आहे, आणि एकदा लाखो ओळींवर खुणा घालून झाल्या की लक्षण बदलणे फार महाग पडते. भारतीय साहित्य हे एक आहे की अनेक, या जुन्या वादाचा निकाल स्कीमा लावणार नाही. पण त्या वादात पुराव्यानिशी बोलता यावे यासाठी संहितांची तुलना शक्य राहिली पाहिजे. आणि ती राहील की नाही हे मूळ प्रकारांची लक्षणे आज कोण आणि किती विचाराने करतो यावर अवलंबून आहे.